सहापैकी ४.२

लॉ कॉलेजात शिकलेल्या प्रत्येकाला रमेश माहीत असतो. दहा मार्कांचा प्रश्न असतो, तत्त्व आठवत असतं, पण निवाड्याचं नाव काही केल्या आठवत नाही आणि पर्यवेक्षक पुरवण्या बांधायला सांगत असतात. मग हात आपोआप लिहितो, 'रमेश विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८७'. खाली ठसठशीत रेघ. या राज्यात रमेश पुष्कळ आणि सरकारशी भांडणारेही पुष्कळ, त्यामुळे असा एखादा निवाडा कुठल्यातरी खंडात निघेलही. पण आपण लिहितो तो निवाडा नसतो, ती फक्त निवाड्याची चाल असते. मी रमेश लिहिलाय. पुढे चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होतो, तेव्हा कॅप सेंटरला बसून इतरांच्या रमेशांवर लाल पेनानं टिकही केलीय.

म्हणून जून २०२३मध्ये न्यूयॉर्कची ती बातमी आली तेव्हा मला बाकीच्यांसारखं मोकळं हसता आलं नाही. विमानात खाण्यापिण्याच्या गाडीचा गुडघ्याला मार बसला म्हणून एका प्रवाशानं एव्हियांका या विमान कंपनीवर दावा लावला होता. त्याच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदांत अर्धा डझन निवाडे असे होते की जे कुठल्याच कोर्टानं कधी दिलेले नव्हते. ते चॅटजीपीटीनं रचलेले होते. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर हसणारे इमोजी पडत होते. कुणीतरी लिहिलं, 'यंत्र फेल.'

गंमत अशी की तीनच महिने आधी याच घराण्यातला मोठा भाऊ, जीपीटी-४, वकिलीच्या परीक्षेत पास झाल्याची बातमी याच ग्रुपवर फिरली होती. नुसता पास नाही, पहिल्या दहा टक्क्यांत. तेव्हा कुणी हसलं नव्हतं. दोघातिघांनी 'आपलं काय होणार' असं विचारलं होतं आणि त्यावर हात जोडल्याचे इमोजी आले होते.

त्या परीक्षेवरचे दोन शोधनिबंध मी उशिरा वाचले. पहिला डॅनियल मार्टिन कॅट्झ, मायकेल बोमारिटो, शांग गाओ आणि पाब्लो अरेडोंडो यांचा. त्याचं शीर्षकच 'जीपीटी-४ बार परीक्षा पास होतो' अशा अर्थाचं. दुसरा एरिक मार्टिनेझ यांचा, पहिल्याच्या निकालाची फेरतपासणी करणारा. दोन्ही कायद्याचे आणि आकडेवारीचे लेख आहेत, साहित्याचे नाहीत. पण त्यांचा विषय शेवटी हाच आहे की एक गद्य मजकूर समोर आल्यावर तो चांगला की वाईट हे कुणी, कसं आणि किती वेळात ठरवलं. याला आपण समीक्षा म्हणतो, परीक्षा खातं त्याला तपासणी म्हणतं. दोन्ही कामं केलेला माणूस म्हणून मला या लेखांबद्दल बोलायचंय.

आधी परीक्षा समजून घेऊ. अमेरिकेत वकिलीची सनद राज्य देतं. बऱ्याच राज्यांनी एक सामाईक परीक्षा स्वीकारली, ती 'यूबीई'. एकूण ४०० गुण. त्यातले निम्मे २०० बहुपर्यायी प्रश्नांवर. उरलेल्या निम्म्यात दोन प्रकारचं लेखन येतं. एक, अर्ध्या तासाचा एक असे सहा निबंध, ३० टक्के वजनाचे. दोन, दीड तासाची एक अशी दोन कामं, २० टक्के वजनाची. या कामांत हातात काल्पनिक फाइल आणि काही निवाडे देतात आणि त्यावरून टिपण किंवा पत्र लिहायला सांगतात. पाठांतराचा तिथे उपयोग नाही, सगळं काही समोरच्या कागदांत असतं. वकिलीच्या रोजच्या कामाला सगळ्यात जवळचा भाग हाच.

मार्च २०२३मध्ये ओपनएआयनं जाहीर केलं की जीपीटी-४ला ४००पैकी २९८ मिळाले. कॅट्झ आणि मंडळींचा आकडा २९७. यूबीई मानणाऱ्या प्रत्येक राज्यात हे गुण पास व्हायला पुरेसे होते. बहुपर्यायी प्रश्नांत यंत्रानं ७५.७ टक्के उत्तरं बरोबर दिली, माणसांची सरासरी ६८ टक्क्यांच्या आसपास. इथवर वाद नाही. बहुपर्यायी भागाचा निकाल मार्टिनेझनं स्वतः करून पाहिला आणि तो तसाच आला.

वाद आहे तो ९० या आकड्याचा. ओपनएआयनं '९० पर्सेंटाइलच्या आसपास' म्हटलं. सीईटी दिलेल्यांना पर्सेंटाइल समजावून सांगायला नको. तुम्हाला किती मिळाले याला अर्थ नसतो, तुमच्या मागे किती जण राहिले याला असतो. म्हणजे पहिला प्रश्न हा की बाकीचे कोण होते? मार्टिनेझच्या मते हा ९० इलिनॉय राज्याच्या फेब्रुवारीतल्या परीक्षेच्या अंदाजी तक्त्यावरून आलेला दिसतो. अमेरिकेत मुख्य परीक्षा जुलैत होते. जुलैत नापास झालेले मोठ्या संख्येनं फेब्रुवारीत पुन्हा बसतात. आपल्याकडे दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरला व्हायची तेव्हाची गोष्ट आठवा. 'ऑक्टोबरला बोर्डात पहिला आला' हे वाक्य कुणाच्याही घरी पेढे वाटायला वापरलं गेलेलं नाही.

जुलैच्या विद्यार्थ्यांत बसवल्यावर यंत्र ६९व्या पर्सेंटाइलच्या खाली येतं. पहिल्यांदाच परीक्षा देणाऱ्यांशी तुलना केली तर साधारण ६२. आणि जे पास झाले, म्हणजे ज्यांना सनद मिळाली किंवा मिळणार आहे, फक्त त्यांच्यात बसवलं तर ४८. याच तीन पायऱ्या फक्त लेखी भागासाठी उतरल्या तर ४८, मग ४२, मग १५.

या १५वर मी बराच वेळ अडकलो. भाषेचं यंत्र आहे हे. गद्य लिहिणं हेच त्याचं काम. आणि पर्यायांत खूण करण्यात ते माणसाच्या पुढे, तर लिहिण्यात पास झालेल्या शंभरांतल्या पंच्याऐंशींच्या मागे? मार्टिनेझचा लेख इथे खरा रोचक व्हायला हवा होता. तो होत नाही. तो पुन्हा आकड्यांकडे वळतो.

तर ते निबंध वाचले कुणी? लेखकांनी. मेरीलँड राज्यानं प्रसिद्ध केलेली चांगली नमुना उत्तरं समोर ठेवून त्यांनी जीपीटी-४च्या उत्तरांना गुण दिले. सरासरी आली सहापैकी ४.२. खऱ्या परीक्षेत काय होतं? परीक्षकांना आधी प्रशिक्षण असतं, एकच उत्तर अनेकांनी तपासून मोजपट्टी जुळवून घेतात, आणि मग प्रत्येक उत्तर इतर शेकडो उत्तरांच्या तुलनेत वर की खाली हे ठरतं. इथे शेकडो उत्तरांचा गठ्ठाच नव्हता. उत्तर यंत्राचं आहे हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. शिवाय चारांपैकी दोन लेखक केसटेक्स्ट या कंपनीचे. ही कंपनी तेव्हा जीपीटी-४वर चालणारा वकिली सहायक बाजारात आणत होती. त्याच वर्षी थॉमसन रॉयटर्सनं ती ६५ कोटी डॉलरला विकत घेतली. मी कुणावर खोटेपणाचा आरोप करत नाही. त्यांनी उत्तरं लपवली नाहीत, पद्धत लिहून ठेवली, म्हणून तर मार्टिनेझला चुका काढता आल्या. पण घरच्या मुलाचं गाणं ऐकून घरच्यांनी दिलेले मार्क आपण कसे ऐकतो, तसेच हे ऐकायला हवेत.

त्याच वर्षी जानेवारीत मिनेसोटा विद्यापीठाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी मला जास्त भावलेला प्रयोग केला. त्यांनी चॅटजीपीटीची (तेव्हाची जुनी आवृत्ती) उत्तरं चार विषयांच्या खऱ्या परीक्षांत, खऱ्या विद्यार्थ्यांच्या पेपरांत मिसळून टाकली आणि नेहमीसारखी नावं झाकून तपासली. यंत्र चारही विषयांत पास झालं, सरासरी सी प्लस, म्हणजे वर्गाच्या तळाशी. नियम सांगायला हुशार, पण दिलेल्या हकिकतीत नेमका पेच कुठे आहे हे शोधायला कच्चं. तीन तपासनिसांपैकी दोघांना वाचतानाच संशय आला होता. कारण, व्याकरण जरा जास्तच निर्दोष होतं आणि मजकूर फिरून फिरून तिथेच येत होता. वाचणाऱ्याच्या कानाचा उल्लेख या सगळ्या साहित्यात मला एवढाच सापडला.

मार्टिनेझवर माझा आक्षेप इथेच आहे. निबंधांच्या तपासणीत काय काय चुकलं हे तो नीट मांडतो. पण पुढची सगळी आकडेमोड त्याच ४.२वर उभी करतो. ९०चा १५ झाला, पण ४.२ला कुणी हात लावला नाही. त्यानं रांग बदलली, रांगेतल्या माणसाकडे पुन्हा बघितलं नाही. मला हवा होता तो निबंधांचं वाचन करणारा माणूस. चौथ्या परिच्छेदात यंत्र कुठे घसरलं, कुठल्या वाक्यात त्यानं 'परिस्थितीनुसार' म्हणून अंग काढून घेतलं, हे दाखवणारा.

कायद्याच्या परीक्षेतलं उत्तर हा एक घट्ट बांधलेला साहित्यप्रकार आहे. अमेरिकेत त्याच्या साच्याला 'आयरॅक' म्हणतात. आधी मुद्दा, मग नियम, मग नियम हकिकतीला लावणं, शेवटी निष्कर्ष. यातला नियम पाठ करता येतो. निष्कर्ष दोन ओळींचा असतो आणि चुकला तरी फार मार्क जात नाहीत. जीव असतो तो मुद्दा ओळखण्यात आणि नियम लावण्यात. तिथेच हकिकतीतला एखादा फालतू वाटणारा शब्द उचलून 'थांबा, हे इथे का आहे?' असं विचारावं लागतं.

माझाच एक जुना प्रश्न सांगतो, तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती. रात्री दोन वाजता 'ब' खिडकीचे गज वाकवून 'अ'च्या घरात शिरतो. 'अ'ला जाग येते. 'ब' त्याच खिडकीतून बाहेर उडी टाकून पळू लागतो. 'अ' गॅलरीतून कोयता फेकून मारतो. 'ब' मरतो. पंचनाम्यात 'ब'च्या खिशात 'अ'चा मोबाइल सापडतो. 'अ'ला स्वसंरक्षणाचा बचाव मिळेल का?

सगळे विद्यार्थी एकाच वाटेनं जातात. रात्रीची घरफोडी, मालमत्तेचं रक्षण, अशा वेळी मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क, सबब 'अ' निर्दोष. कलमं बरोबर. पण घरफोडीविरुद्धचा हक्क घुसखोर घरात आहे तोवरच टिकतो आणि 'ब' तर बाहेर पडलाय. मग मोबाइल कशाला ठेवलाय प्रश्नात? कारण चोरीविरुद्धचा हक्क चोर माल घेऊन पसार होईपर्यंत चालू राहतो. म्हणजे हक्क आहे. पण साध्या चोरीत तो जीव घेण्यापर्यंत जात नाही, जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तरच जातो, आणि पाठमोऱ्या पळणाऱ्या माणसाची कसली भीती? शिवाय मोबाइल गेलाय हे 'अ'ला त्या क्षणी माहीत तरी होतं का? या प्रश्नाचं सगळं सौंदर्य, कायद्याच्या पेपरात शोभेल तेवढं, त्या मोबाइलमध्ये आहे.

गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न मी एका मॉडेलला घातला, नव्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे उत्तर दे म्हणून. कलम ३४ ते ४४, सगळी क्रमानं आली. भाषा अशी की आमच्या एचओडींनी फळ्यावर लावली असती. नियम लावायची वेळ आली तेव्हा 'एकीकडे' आणि 'दुसरीकडे' सुरू झालं, आणि निष्कर्ष, 'न्यायालय सर्व परिस्थिती विचारात घेईल.' मोबाइल एका वाक्यात आला, पुरावा म्हणून. मी विचारलं, मोबाइलचं काय? लगेच चोरीचा अख्खा परिच्छेद, चोख. महिन्याभरानं दुसऱ्या एका नव्या मॉडेलनं मोबाइल न विचारता पकडला. त्यामुळे यंत्राला हे जमत नाही असा माझा मुद्दा नाहीच, आज जमत नाही ते दिवाळीपर्यंत जमेल.

मला बोचलं ते वेगळंच. यंत्राच्या त्या एका उत्तरावर मी चाळीस मिनिटं घालवली. शिसपेन घेऊन, ओळीओळीला थांबून. का, तर ते यंत्र होतं आणि मला त्याला पकडायचं होतं. इतक्या बारकाईनं मी एकाही विद्यार्थ्याचं उत्तर कधी वाचलेलं नाही.

कॅप सेंटरला पेपर तपासण्याचा हिशेब सोपा असतो. पैसे उत्तरपत्रिकेमागे मिळतात. तासिका तत्त्वावरच्या माणसाला ते पैसे लागतात. एका गठ्ठ्यानंतर दुसरा गठ्ठा. दुपारी चारनंतर डोळा ओळीवरून चालत नाही, घसरतो. आणि घसरणारा डोळा फक्त काही गोष्टी टिपतो. कलमाचा आकडा, रेघ मारलेलं निवाड्याचं नाव, 'सबब', 'उपरोक्त', पुरवणीची जाडी. म्हणजे रमेश. यंत्र जे सर्वात चांगलं लिहितं नेमकं तेच. न्यूयॉर्कच्या त्या वकिलांना हसताना आमच्या ग्रुपवर कुणाला हे सुचलं नाही की यंत्रानं खोटे निवाडे रचले ते फसवण्यासाठी नव्हे. निवाड्याच्या जागी निवाड्यासारखं काहीतरी यायला हवं, एवढंच त्याला भाषेतून समजलेलं. आम्हालाही कॉलेजात तेवढंच समजलं होतं, आणि त्याला आम्ही मार्क देत होतो.

आपल्या परीक्षांचं यात काय, असं विचाराल. आपल्याकडची सनदेची परीक्षा, एआयबीई, २०११पासून होते. शंभर बहुपर्यायी प्रश्न, कायद्याची मूळ पुस्तकं सोबत नेता येतात, लेखन शून्य. म्हणजे ज्या भागात यंत्र माणसाला हरवतं तेवढाच भाग आपण वकील होण्यासाठी ठेवलाय. एमपीएससी मात्र उलट दिशेनं गेली. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं, पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, आणि फेब्रुवारी २०२३मध्ये ते २०२५पर्यंत पुढे ढकललं गेलं. त्या आंदोलनातल्या मुलांची अडचण अभ्यासक्रमाची आणि वेळेची होती. पण चहाच्या टपरीवर एक प्रश्न मी तेव्हाही ऐकला होता, 'लिहू हो सर, पण वाचणार कोण?' मी हसून विषय बदलला.

आणि वाचणं फक्त परीक्षेपुरतं राहत नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका कंपनीविरुद्धचा आयकर आकारणीचा आदेश रद्द केला. आदेशात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. खंडपीठानं एआयवर डोळे झाकून विसंबण्याबद्दल सुनावलं. कॅलिफोर्नियात तर गोष्ट उलटीकडून घडली. फेब्रुवारी २०२५च्या बार परीक्षेतले २३ बहुपर्यायी प्रश्न एआयच्या मदतीनं तयार केले होते, हे परीक्षा होऊन गेल्यावर जाहीर झालं. लिहिणारंही यंत्र, विचारणारंही यंत्र. तपासणीची जागा तेवढी अजून माणसाकडे आहे, आणि ती यंत्राला देऊन टाकू म्हणणारे सगळ्यात जास्त आहेत, कारण ते काम खरोखरच कंटाळवाणं आहे. मीही म्हणालो असतो.

पण त्या कोयत्याच्या प्रश्नाच्या वेळची एक गोष्ट आहे. माझ्या गठ्ठ्यातले मोजके पेपर नेहमीप्रमाणे मॉडरेशनला गेले. तिसऱ्या दिवशी मॉडरेटर मॅडमनी बोलावलं. निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. समोर एक मराठीत लिहिलेली उत्तरपत्रिका. अक्षर वाकडं, एकही कलम आकड्यासह नाही, निवाडा नाही, पुरवणी नाही. दहापैकी चार दिले होते मी.

"सर, मोबाइल वाचलात का?"

मी पान उलटलं. तिसऱ्या परिच्छेदात, कसलीही रेघ न मारता, लिहिलं होतं की चोर बाहेर गेला म्हणजे घराचा प्रश्न संपला, पण मोबाइल त्याच्याकडे आहे म्हणून चोरीचा प्रश्न संपला नाही, आणि मोबाइलसाठी माणूस मारता येत नाही.

मॅडमनी चारवर रेघ मारून आठ केले आणि बाजूला सही केली. मला काही बोलल्या नाहीत. नाव असतं तो कोपरा चिकटवलेला होता, त्यामुळे ते कुणी लिहिलं हे मला आजही माहीत नाही. मी खुर्चीवर परत आलो. माझ्या टेबलावर त्याच प्रश्नाचे, मॉडरेशनला न गेलेले दोन गठ्ठे बांधून ठेवलेले होते. बेरीज झाली होती, सही झाली होती. शिपाई ते न्यायला उभा होता. मी त्याला म्हटलं, "घेऊन जा."